आ-शुनची किरकोळ दुरुस्ती

आमच्या गल्लीत एक माणूस सोळा वर्षं फुकटात एक पुस्तक लिहितोय आणि ते कुणीही वाचत नाही, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. ते अर्धंच खरं निघालं. वाचत कुणी नाही हे खरंच. पण लोक त्यातलं उचलून नेतात, हे मला गेल्या शरदात कळलं, आणि तेही एका जेवणावळीमुळे.

माणसाचं नाव न्यान यी-शुन. गल्लीसाठी आ-शुन. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही, केस विरळ, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. नोकरी नळाच्या कारखान्यात. आमच्याकडे ज्याला दुसरं काही जमत नाही तो नळ बनवतो आणि ज्याला नळही जमत नाही तो ऑफिसात बसून नळ मोजतो. आ-शुन मोजणाऱ्यांपैकी, कारखान्यातला कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात असतो.

सकाळी सव्वासहाला तो माझ्या नाश्त्याच्या दुकानात येतो. तव्यावर परतलेली मुळ्याची वडी, बिनसाखरेचं सोयाचं दूध, कोपऱ्यातलं टेबल. मी सगळ्याच पुरुषांना ‘देखण्या’ म्हणते. धंद्याची रीतच आहे ती. ऐंशीचा म्हाताराही त्यावर एक अंड्याची पोळी जास्त खातो. हरकत घेणारा आजवर हा एकच.

“मालकीणबाई,” तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, “हे तथ्याला धरून नाही.”

असा माणूस.

तर ते पुस्तक. माहिती साठवून ठेवायचं एक सॉफ्टवेअर असतं, डेटाबेस म्हणतात त्याला, आणि त्यातलं एक जगभर फुकट मिळतं. ते कसं वापरायचं याचं हजारो पानांचं माहितीपुस्तक आहे, इंग्रजीत. आ-शुन आणि आणखी चार-पाच हौशी ते आपल्या भाषेत आणतात आणि इंटरनेटवर ठेवतात. पैसा नाही, मानधन नाही, वर्षाअखेरीस कुणी एक मिठाईचा डबासुद्धा धाडत नाही. मी एकदा विचारलं, “मग मिळतं काय रे तुला?” तर म्हणाला, “पान बरोबर होतं.”

पण त्या हजारो पानांत एक पान भाषांतर नाही. ते त्यानं स्वतः लिहिलंय. आपली सालं प्रजासत्ताकापासून मोजायची असतात, जग एकोणीसशे बावन्न म्हणतं तेव्हा आपल्या कागदावर एकेचाळीस असतं, हे त्या इंग्रजी पुस्तकाला काय माहीत? नव्व्याण्णव साल संपत आलं तेव्हा सगळ्या ऑफिसांत घबराट होती, की आता शंभर येणार, तीन आकडे होणार, कॉम्प्युटर कोलमडणार. त्या धांदलीत आ-शुननं एक पान लिहिलं: आपली तारीख जगाच्या तारखेत कशी बदलावी. खाली एका ओळीचं उदाहरण, जसंच्या तसं उचलावं असं. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात, ‘लेखक: न्यान यी-शुन’. त्या बारीक अक्षरांचा त्याला केवढा अभिमान! तोंडानं कधी बोलला नाही. पण माझ्या भाच्यानं नवा फोन आणला, तर यानं त्या फोनवर ते पान ‘नीट दिसतं का’ हे तीनदा पाहिलं.

आता बाँग-छी काकू.

गल्लीच्या टोकाला राहते. घरात तिसरी मुलगी झाली म्हणून बापानं नाव ठेवलं बाँग-छी, म्हणजे ‘असू दे, जगेल तशी जगवू’. त्या काळी अशी नावं ठेवत, कुणाला त्यात काही वाटत नसे. ज्यांची ठेवली त्यांना काय वाटे ते कुणी विचारलं नाही. आ-शुनची आई कारखान्यात नळांना पॉलिश करायला जायची, तेव्हा हा सहा महिन्यांचा गोळा बाँग-छी काकूकडे असायचा. काकूच्या घरात जमिनीवर नळाच्या सुट्या भागांचे ढीग. ती घरबसल्या नळ जुळवायची. इतर पोरं मातीत खेळली, हा वायसर खेळला. अर्ध्या इंचाचे एकीकडे, पाऊण इंचाचे दुसरीकडे. एक चुकीच्या ढिगात गेला तर रडायचा म्हणे. पुढे याची आई लवकर गेली, आणि मग काकूकडचं दुपारचं जेवण रात्रीचंही झालं. तो तिला मावशी म्हणतो. ती त्याला काहीही म्हणते.

नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी वॉर्डातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना देवळासमोरच्या मांडवात जेवण असतं. गोल टेबलं, दहा पदार्थ, गाणारी बाई. आधी दहा दिवस लाल कार्डं वाटली जातात, नाव आणि टेबलाचा नंबर छापलेली. बाँग-छी काकूला एकशे अकरा साली सत्तर पूर्ण झाली. कार्ड आलं नाही. एकशे बारालाही नाही. तिनं विचारलं? छे! तिनं स्वतःच कारण शोधून ठेवलं: निवडणुकीत ती आपल्या वॉर्डप्रमुखाच्या, डिंग रुंग-छाईच्या, विरोधात झेंडा घेऊन फिरली होती, त्याचा डिंगनं सूड उगवला. तेव्हापासून डिंग समोरून आला की ती रस्ता ओलांडायची. दोन्ही वर्षी जेवणाच्या दिवशी दार लावून बसली. मांडवातली गाणारी बाई तिला घरात ऐकू जायची. मी गेले होते तेव्हा तिनं त्यावर टीव्ही मोठा केला होता.

गेल्या वर्षी, म्हणजे एकशे तेरा साली, सकाळी डिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्या दुकानात आला. कोपऱ्यात आ-शुन वडी खात होता. तेवढ्यात काकू तिचं दूध घ्यायला आली, गठ्ठा पाहिला, दूध न घेताच परत फिरली.

“देखण्या,” मी डिंगला म्हटलं, “एका म्हातारीचा एवढा धसका? पंचवीस टेबलांत तिला एक स्टूल नाही?”

“मी?” डिंगनं गठ्ठा आपटला. “मी कोण देणारा! यादीत नाव असेल त्याचं कार्ड छापलं जातं. तिचं नावच येत नाही. तिनंच कळवून काढून घेतलं असणार, मला खाली बघायला लावायला. दोन वर्षं माझ्या पंगतीवर थुंकते आहे ती!”

“तिला वाटतं तुम्ही काढलंत.”

“आणि मला वाटतं तिनं!”

म्हणजे बघा. दोन वर्षं एक बाई आणि एक बाप्या, शंभर पावलांवर राहून, एकमेकांवर रुसले होते, आणि मधल्या सगळ्या गल्लीनं त्यावर चहा प्यायला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

आ-शुननं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “मावशीचा जन्म कधीचा?”

“तुला ठाऊक नाही? एकेचाळीस सालची एकोणतीस फेब्रुवारी. चार वर्षांतून एकदा वाढदिवस. यंदा अठराची झाली म्हणून मी तिला लाल अंडी दिली होती.”

“यादी कोण तयार करतं?” आता त्याचा आवाज वेगळा होता.

“माझी सून,” डिंग फुगून म्हणाला. “जन्मतारखा भरल्या की सत्तरीपुढचे आपोआप निघतात. इंटरनेटवरच्या एका पानावरून शिकली. अरे हो, त्या पानाखाली कुणा न्यानचं नाव आहे म्हणे. तुमच्या भावकीतलाच असेल कुणी!”

आ-शुन उठला. वडी अर्धी तशीच. सोळा वर्षांत त्यानं माझ्याकडे घास टाकलेला मी पाहिला नव्हता.

तो डिंगच्या सुनेकडे गेला आणि अर्ध्या तासानं परत आला, चेहरा पिठासारखा. कारखान्याची वेळ टळून गेली होती.

“झालं काय?”

“अधिक एकोणीसशे अकरा,” तो म्हणाला, “कंसाच्या बाहेर राहिलंय.”

“मला कळेल असं सांग, नाहीतर वडीचे पैसे दुप्पट घेईन.”

त्यानं माझ्या तव्याकडे पाहिलं. “तुम्ही अंडं आधी ओतता आणि वर पोळी ठेवता. बरोबर? पोळी आधी गुंडाळली आणि मग अंडं ओतलं तर?”

“अंडं जमिनीवर.”

“मी तसं लिहिलंय. आधी साल बदलायचं, एकेचाळीस अधिक एकोणीसशे अकरा, आणि मग तारीख बनवायची. मी आधी तारीख बनवायला सांगितली. कॉम्प्युटर म्हणतो, साल एकेचाळीस? म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्या साली फेब्रुवारी अठ्ठावीसचाच होता. एकोणतीस असा दिवसच नाही. म्हणून तो ती ओळ घेत नाही. बाकी कुठल्याही तारखेला काही बिघडत नाही, म्हणून चौदा वर्षं कुणाला कळलं नाही.”

“पण ओळ घेतली नाही तर तो ओरडत कसा नाही?”

“ओरडतो. पण त्याच पानावर मीच सल्ला दिलाय. खराब ओळी आल्या तर बाजूच्या फाइलीत टाका आणि पुढे चला. डिंगच्या सुनेनं तसंच केलं. ती फाइल आज उघडली. आत एकच नाव.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तो सरळ काकूकडे गेला, आणि मी मागोमाग. दुकान भाच्याच्या बायकोवर टाकलं. असल्या वेळी अंड्याची पोळी कोण भाजत बसणार. काकू जमिनीवर बसून तोट्यांत वायसर बसवत होती. बाहत्तरीतही हात थांबत नाही तिचा.

“मावशी, तुमचं नाव डिंगनं काढलं नाही.”

“त्याच्या वकिलीला आलास?”

“मी काढलं.”

तिनं एक वायसर बसवला, अंगठ्यानं दाबला. “तू कधीपासून निवडणुका लढवायला लागलास?”

त्यानं सगळं सांगितलं. पोळी, अंडं, दोन हजार वर्षं, सगळं. ती ऐकत होती आणि तोट्या भरत होती.

“म्हणजे तुझ्या त्या यंत्राच्या मते,” ती शेवटी म्हणाली, “मी जन्मलेच नाही.”

“यंत्राच्या नाही. माझ्या.”

आता तिचा हात थांबला.

त्यानं घाईघाईनं लॅपटॉप काढला. दुरुस्ती एवढीशी होती: कंस उचलून थोडा उजवीकडे नेला, आकडा आत आला. खाली एक फॉर्म होता. काकूनं चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागली, शाळेतल्यासारखं, एकेक अक्षर. बोट एका चौकोनाशी अडलं. चौकोनात आधीच बरोबरची खूण होती.

“किरकोळ दुरुस्ती,” तिनं वाचलं. “किरकोळ कोण? मी?”

“नाही, नाही मावशी! ती सवयीची खूण आहे. मी नेहमीच लावतो. कुठे टिंब राहिलं, कुठे ओळ सरकली.”

“काढली तर काय होतं?”

“काढली,” तो चाचरला, “तर त्या पानावर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना पत्र जातं. काय चुकलं होतं, कधीपासून, कुणाचं.”

“किती जण?”

“अकराशे चाळीस.”

“आणि तुला ते नकोय.”

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. मी मध्ये पडणार होते, पण काकूनं नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मी दोन वर्षं त्या मांडवात नव्हते,” ती म्हणाली. “अख्ख्या वॉर्डानं पाहिलं. त्यांना पत्र धाडून सांगावं लागलं नाही. डिंगला म्हणावं, कार्ड छाप की हातानं लिही, मी यायची नाही. याला आधी ते किरकोळ पुसू दे. मग बघू.”

आणि तिनं पुढची तोटी उचलली.

पुढचे सहा दिवस आ-शुन सकाळी यायचा, वडी मागवायचा, लॅपटॉप उघडायचा आणि त्या चौकोनाकडे बघत बसायचा. चूक त्यानं पहिल्याच दिवशी दुरुस्त करून ठेवली होती, नुसती पाठवायची राहिली होती. मी छेडलं, “अकराशे चाळीस माणसं तुला ओळखतात तरी का? इथे या गल्लीत दीडशे माणसं तुला ओळखतात, आणि आम्हाला तर तू लहानपणी किती वर्षांपर्यंत चड्डी ओली करायचास तेही माहीत आहे.”

तो हसला नाही. “मालकीणबाई, माझं नाव दारावरच्या पाटीवर आहे आणि त्या पानाखाली आहे. तिसरं ठिकाण सांगा.”

त्या दिवशी मी त्याची वडी जरा जास्त खरपूस केली, त्याला आवडते तशी.

जेवणाला दोन दिवस उरले. सकाळी दुकान भरलेलं. आ-शुननं खूण काढली, परत लावली, परत काढली. एव्हाना सगळ्या टेबलांना प्रकरण ठाऊक होतं (कुणी सांगितलं ते विचारू नका). पलीकडच्या टेबलावरचा गवंडी पोळी हातात धरून उभाच राहिला. फॉर्ममध्ये एक रिकामी जागा होती, ‘चूक कुणी कळवली’. आ-शुननं तिथे आडनावासकट लिहिलं: श बाँग-छी.

ती दारातच उभी होती, दुधाची किटली घेऊन. कधी आली, कुणी पाहिलं नाही.

“ते नाव घालतोस?” ती हळूच म्हणाली. “अर्थ माहीत आहे ना त्याचा? वाचून हसतील.”

“नाव नोंदीत जसं आहे तसं लिहायचं असतं,” आ-शुन म्हणाला. मग कारणाच्या रकान्यात त्यानं टाइप केलं, आणि तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं: “उदाहरण चौदा वर्षं चुकीचं होतं. लेखकाची चूक. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेली माणसं यामुळे याद्यांतून गळतात. आपापल्या बाजूला टाकलेल्या ओळी उघडून पाहाव्यात. किरकोळ नाही.”

बोट बटणावर, आणि तिथेच.

“दाब की रे देखण्या!” मी तव्यावरून ओरडले.

या वेळी त्यानं तथ्याबिथ्याचं काही काढलं नाही. दाबलं.

दुपारपर्यंत उत्तरं यायला लागली. एकानं लिहिलं, चौदा वर्षं झोपला होतात का. एकानं नुसती हसणारी चित्रं पाठवली, ओळभर. एकीनं लिहिलं, मीही त्या ओळी फेकत आले, मला वाटायचं लोकच आपल्या जन्मतारखा चुकीच्या लिहितात. आ-शुन ती सगळी काकूपुढे बसून वाचत होता, जहाल होती तीही, एक शब्द न गाळता. मग दक्षिणेकडच्या कुठल्या गावच्या दवाखान्यातून पत्र आलं: फाइल उघडली, सहा म्हातारी माणसं सापडली.

“जेवायला बोलावलं का त्यांना?” काकूनं विचारलं.

“दवाखाना आहे, मावशी. फ्लूच्या लशीची यादी होती.”

“मग टोचलं का?”

“टोचणार आहेत. उद्या घरी जाऊन.”

तिनं मान हलवली. “सहा,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं परत, “सहा.” मग आ-शुनच्या शर्टाची वरची गुंडी काढली. “गळा आवळून मरशील एक दिवस. जा आता, मला केस धुवायचेत.”

कार्ड डिंगनं स्वतः आणून दिलं. छापलेलं. टेबल क्रमांक चौदा. दारात उभा राहून त्यानं घसा साफ केला.

“बाँग-छी ताई, आता कळलं ना कुणी काढलं ते?”

“कळलं.”

“मग माझ्यावरचा राग गेला?”

“तो यादीचा होता, तो गेला. गटारावर झाकण बसवायचं वचन दिलं होतंस निवडणुकीत, त्याचा अजून आहे. आत ये, बस, सविस्तर सांगते.”

सविस्तर तिनं घरात सांगितलं आणि जेवणाच्या दिवशी मांडवात, चौदा नंबरच्या टेबलावर, मासा येईपर्यंत परत सांगितलं. गाणाऱ्या बाईपेक्षा तिचा आवाज वर. डिंग तिच्या शेजारची खुर्ची सोडायला तयार नव्हता. दोन वर्षांचं भांडण तुंबलेलं होतं दोघांचं. मी पंच्याहत्तरीच्या सासूला सोडायच्या मिषानं आत घुसले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. तिनं जांभळा ब्लाऊज घातला होता. कार्ड ताटाशेजारी उभं करून ठेवलं होतं, वाटीला टेकवून, नाव बाहेरच्या बाजूला.

आ-शुन मांडवाबाहेर दोरीपाशी उभा होता. सत्तरी व्हायला त्याला एकोणीस वर्षं बाकी. आत यायला सांगितलं तर म्हणाला, नियमात बसत नाही. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून दोरीला हात लावून उभा.

जेवण उरकल्यावर सगळ्यांनी आपापल्या टेबलावरचं उरलेलं पिशव्यांत भरलं, आपल्याकडे भरतात तसं. काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर आली आणि एक त्याच्या पोटावर टेकवली.

“कोंबडीचा पाय आहे. गरम आहे तोवर खा. आणि काय रे, ते कंस आता हलणार नाहीत ना? पुढच्या वर्षी परत हाच तमाशा नको मला.”

“नाही हलणार,” आ-शुन म्हणाला. “दोनशे सालापर्यंतची सगळी वर्षं एकेक करून तपासली, मावशी.”

“दोनशे!” ती माझ्याकडे वळली. “ऐकलंस? एवढी वर्षं याला जेवू घालायचं म्हणे मी!”

आणि चपला फटफटवत पुढे निघाली. तो मागून, पिशवी दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जरा वाकून.